इन्वेनित

आमच्या घरात एक शब्द होता. त्याचा अर्थ घरात कुणालाच माहीत नव्हता, आणि त्याच्यावाचून घरातलं पान हलत नसे. इन्वेनित. संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संपली की पापा कपाळ-छाती-खांद्यांवर खुरसाची खूण करायचे आणि शेवटी घसा साफ करून म्हणायचे, ‘इन्वेनित.’ त्यांच्यामागून माय आणि मी. मला गोवर आला तेव्हा पापांनी खोबरेल तेलात बोट बुडवून ही अक्षरं माझ्या कपाळावर लिहिली होती, आणि गोवर बरा झाला म्हटल्यावर आमचा विश्वास आणखी घट्ट झाला. बरा झाला नसता तर सांगणार कोण होतं म्हणा. माय पेजेचं मडकं चुलीवरून उतरवताना पुटपुटायची, विहिरीत कळशी सोडताना पुटपुटायची. शेजारच्या हिंदू बायकांना वाटे, हा ख्रिस्तांवांचा कुठला तरी मोठा मंत्र आहे. आम्हालाही तसंच वाटे, मग त्यांना काय नावं ठेवायची.

शब्द आला होता एका कागदावरून. पापांच्या आजोबांनी गोव्याहून आणलेलं सायबिणीचं, म्हणजे मारिया मातेचं, एक जुनं छापील चित्र होतं. काळ्या बारीक रेघांचं, रंग नसलेलं. ढगांवर उभी सायबीण, पायाखाली चंद्रकोर, दोन्ही बाजूंना गुबगुबीत देवदूत. पापांचं घराणं सुतारांचं; मालवणपासून पलीकडे शिरोड्यापर्यंत ख्रिस्तांवांच्या घरांतली आल्तारं, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत देव्हारे म्हणा, ती याच घराण्याने कोरलेली. पापांना गावात सगळे मेस्त म्हणत. आजोबा त्या कागदाकडे बघून कोरत, पापाही त्या कागदाकडे बघून कोरत. कागदाच्या तळाला काही अक्षरं होती, पण दोन्ही कोपरे वाळवीने खाल्लेले, आणि वाचण्यासारखा उरला होता तो एवढा एकच शब्द. तो सायबिणीच्या पायाकडे होता, तेव्हा सायबिणीचाच असणार. घराण्याने तो प्रत्येक आल्ताराच्या तळाला इमाने इतबारे कोरला. पाळण्यावर कोरला. शवपेटीवर कोरला. दुसऱ्या कुठल्या सुताराच्या हातून अशी चूक झाली नसती, कारण दुसरे सुतार आमच्याइतके भाविक नव्हते.

पुढेपुढे तर होड्यांवरही तो शब्द चढला. आमच्या घराखालच्या पुळणीवर भिवा म्हणून एक मासेमारी करणारा गृहस्थ होता. तोंडाने फटकळ, पण पापांचा जिवाभावाचा. त्याने एकदा हट्टाने आपल्या होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, ती अक्षरं कोरून घेतली आणि नेमकी त्याच आठवड्यात त्याच्या जाळ्यात बांगड्यांची रास लागली. मग काय विचारता! ‘मेस्ता, माज्या होडयेर तां तुमचां इन्वेनित घाल रे,’ म्हणत सगळी वाडी आमच्या पडवीत. पापा कुणाला नाही म्हणत नसत. पटाशी घेऊन पुळणीवर उकिडवे बसायचे आणि एकेक अक्षर असं कोरायचे, की बघणाऱ्याने बघत राहावं. त्यांचा हात सोन्याचा होता. हे मी मुलगी म्हणून म्हणत नाही. आज मी सत्तरी ओलांडली, शाळेत शिकवून निवृत्त झाले, चार ठिकाणची कोरीव कामं बघितली. तसा हात मला पुन्हा दिसला नाही.

पण हात होता, आणि डोक्यात चित्र नव्हतं. हे मात्र मुलगी म्हणूनच सांगते, कारण दुसरं कोण सांगणार. समोर कागद असेल तर पापा लाकडातून पदराची चुणी काढत. कागद नसेल तर त्यांना साधी चिमणी काढता येत नसे. माझ्या शाळेच्या वहीत आंबा काढून द्या म्हटलं तर ते पेन्सिल हातात घेऊन नुसते बसून राहत आणि मग म्हणत, ‘जा गो, आवशीक सांग.’ माय हातातलं काम न सोडता, ओल्या बोटाने जमिनीवर, एका दमात आंबा काढायची. देठाकडे किंचित वाकडा, खाली गोळीबंद. तिला अक्षर एक येत नव्हतं. आतल्या बाजूच्या एका गावातून ती लग्न होऊन आली होती, आणि तिथे पोरींना शाळेत घालायची रीत नव्हती. पण जे एकदा बघितलं ते तिच्या बोटांत असायचं.

मी नववीत होते त्या वर्षी गावाने ठरवलं की इगर्जीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, मोठ्या आल्तारासाठी नवी कोरीव फळी करायची. पुढच्या बाजूला बसवायची, माणसाच्या दोन हातांएवढी रुंद. काम अर्थातच मेस्ताकडे. पापांनी शिवणीची सुंदर फळी आणली, रंधा मारून आरशासारखी केली आणि कागद काढायला पेटी उघडली. पेटीत कागद नव्हता. वाळवी होती. त्यांनी हाताने माती बाजूला केली तेव्हा चंद्रकोरीचा एक तुकडा निघाला, आणि तोही बोट लावताच गेला. पापा तिथेच खाली बसले. त्यानंतर किती दिवस ते तसे बसून होते मला नक्की आठवत नाही, पण घरातला पटाशीचा आवाज बंद झाला होता हे आठवतं. त्या आवाजाची कानांना इतकी सवय होती, की तो थांबल्यावर समुद्राची गाज एकदम घरात आल्यासारखी वाटायला लागली. जेवायला हाक मारली तर यायचे, दोन घास खायचे, उठायचे. फेस्त, इगर्जीचा वर्षाचा सण, जवळ येत होतं. पापा म्हणजे मेस्त, आणि मेस्ताला कागदाशिवाय काही येत नाही, हे आता गावाला कळणार होतं.

एके दिवशी सकाळी मायने पडवी शेणाने सारवली. वाळल्यावर चुन्याचा खडा घेतला आणि गुडघ्यावर बसून काढायला लागली. मी शाळेला निघाले होते, ती तिथेच उभी राहिले. तिची सायबीण ढगावर नव्हती. पुळणीवर उभी होती, लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, आणि कडेवर बाळ नाही तर माशांची टोपली. बाळ टोपलीत, बांगड्यांच्या मध्ये, मूठ चोखत. दोन्ही बाजूंना देवदूतांच्या जागी रापणीच्या जाळ्याचा दोर ओढणाऱ्या बायका, मागे रेललेल्या, टाचा वाळूत रुतलेल्या. त्यातली एक तर ओळखूच येत होती, आमच्या विहिरीवर भांडायला यायची ती. मला हसू फुटलं. पापा आतून आले आणि दारातच थांबले.

‘तुमी कित्याक असे बसून रवलास?’ माय मान वर न करता म्हणाली. ‘ह्यां बघा नि कोरा.’

‘ह्यां काय गो? सायबीण आणि मासे?’

‘मगे ढगात उभी रवान काय करतली ती? तिका हयसर येवक नको?’

पापांनी फळी उचलून पडवीत आणली, चित्राच्या उशाला ठेवली, आणि दुपारपर्यंत घरात पटाशीचा आवाज सुरू झाला. मायने त्या दिवशी माडाच्या गुळाच्या खापरोळ्या केल्या होत्या, सण नसताना. दर आठवड्याला पडवी सारवावी लागे आणि चित्र पुसलं जाई. माय वाळल्यावर पुन्हा काढायची. एक रेघ इकडची तिकडे व्हायची नाही. पापा नुसते बघत राहायचे. मी तेव्हा समजत होते की ते कौतुकाने बघतात. कौतुक होतंच. पण नवऱ्याच्या कौतुकात काय काय मिसळलेलं असतं ते कळायला मला स्वतःचा संसार करावा लागला.

त्याच सुमारास आमच्या गावात गोव्याचे एक म्हातारे पाद्री विश्रांतीला येऊन राहिले होते. जुन्या काळातले, लॅटिन कोळून प्यालेले. संध्याकाळी काठी टेकत पुळणीवर फिरायचे. एक दिवस मी मायबरोबर मासळी आणायला खाली गेले, तर हे भिवाच्या होडीसमोर उभे राहून हसत होते. हसता हसता खोकला लागला, डोळ्यांतून पाणी आलं. मला जवळ बोलावून विचारलं, ‘गो चेडवा, ह्यां होडयेर कोणी लिवलां?’ मी अभिमानाने सांगितलं, माझ्या पापांनी, आणि वाळवीने खाल्लेल्या आमच्या जुन्या कागदावरचा सायबिणीचा शब्द आहे तो. त्यांचं हसू थांबलं. मला होडीच्या सावलीत बसवून त्यांनी सगळं नीट सांगितलं. ती शिकवणी मी आयुष्यात विसरले नाही.

इन्वेनित म्हणजे ह्याला सुचलं. ह्याच्या डोक्यातून निघालं. पूर्वी चित्रं छापायची तर तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापत. चित्र सुचणारा एक, पत्रा कोरणारा दुसरा. मग चित्राच्या तळाला डाव्या कोपऱ्यात ज्याला सुचलं त्याचं नाव, आणि पुढे इन्वेनित. उजव्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचं नाव, आणि पुढे स्कुल्प्सित, म्हणजे ह्याने कोरलं. सगळं एकट्यानेच केलं असेल तर नुसतं फेसित, ह्याने केलं. ‘कोरणाऱ्याच्या हातात पत्रा असायचा,’ पाद्री म्हणाले, ‘मनात आणलं तर तो डावीकडे आपलंच नाव घालू शकत होता. बघणार कोण? पण नाही घालायचे. ते त्यांचं इमान.’ मग म्हणाले, ‘तुमच्या कागदावरचं नाव वाळवीने खाल्लं आणि शब्द तेवढा राहिला. कुणा बिचाऱ्याला सुचलं होतं, देव जाणे.’

मी धावत घरी आले. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला काही कळलं की ते पोटात राहत नाही, आणि मला तर वाटत होतं की मी घरी मोठी ठेव घेऊन चालले आहे. जेवताना सांगितलं. तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी होती. पापांचा घास हातातच राहिला.

‘म्हणजे तां सायबिणीचां न्हय?’

‘न्हय पापा. कोणा माणसाची सही ती.’

‘माज्या बापाशीन मरतानासुद्धा तोच शब्द घेतल्यान गो,’ पापा म्हणाले. बस्स, एवढंच. त्या संध्याकाळी तेर्स संपल्यावर त्यांनी खूण केली आणि गप्प राहिले. माय वाट बघत थांबली. मग तिने एकटीनेच हळू म्हटलं, ‘इन्वेनित,’ आणि दिवा उचलून आत गेली. माझी जीभ झडो, असं मला तेव्हा वाटायला हवं होतं. पण मला वेगळंच सुचत होतं. फळी पुरी होत आली होती. तळाची पट्टी कोरी होती. मी वहीचं पान फाडलं आणि रोमी अक्षरांत, जशी इगर्जीच्या पुस्तकात असत तशी, मोठी मोठी लिहिली. डावीकडे: कातरीन इन्वेनित. उजवीकडे: पेद्रू स्कुल्प्सित. आईबापांची नावं. पान पापांच्या हत्यारांवर ठेवलं आणि दोघांना वाचून दाखवलं.

‘माजां नाव?’ माय दचकली. ‘सायबिणीच्या पायाकडे? येडी काय गो तू? लोक शेण घालतीत तोंडात.’ पण तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी विहिरीवर पाणी शेंदताना तिने मला विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, ‘फिलू, ते खराच कोरतले काय गो?’ कोरतील, मी म्हटलं. पापा आहेत ते. तिने कळशी डोक्यावर घेतली आणि माझ्या पुढे चालायला लागली. त्या दिवसानंतर तिने चित्र पुन्हा काढलं तेव्हा सायबिणीच्या पायाशी शंख-शिंपले जास्तीचे घातले. अशी ती.

पापा ‘बघूया’ म्हणाले होते. शेवटचे काही दिवस त्यांनी फळी खोलीत नेली आणि आम्हाला आत येऊ दिलं नाही. मध्येच एकदा भिवा आला होता. पडवीतलं चुन्याचं चित्र बघून तो मोठ्याने हसला आणि खोलीच्या दाराकडे तोंड करून ओरडला, ‘आवशीचो घोव! रे मेस्ता, डोक्यां बायलेचां नि पटाशी तुजी, मगे मेस्त कोणाक म्हणायचां, तुका काय कातरीनबायक?’ थट्टाच होती. तो रोजच कुणाची ना कुणाची करायचा. आतला पटाशीचा आवाज थांबला, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू झाला.

फेस्ताच्या दिवशी इगर्ज माणसांनी भरली होती. मायने पेटीतलं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, डोक्यावर अबोलीचा वळेसर. मिस, म्हणजे मुख्य उपासना, झाल्यावर फळीवरचं कापड काढलं तेव्हा लोकांच्या तोंडून आवाज फुटला. बायका तर रडायला लागल्या. आपल्यासारखी सायबीण, आपल्यासारखी टोपली. जो तो पापांचा हात हातात घेत होता. गर्दीतून वाट काढत माय आणि मी अगदी पुढे गेलो. मी आधी तळ बघितला. एकच ओळ होती, मधोमध, सुरेख, पापांच्या हातचं सगळ्यांत देखणं अक्षर. पेद्रू इन्वेनित.

मायने माझं मनगट धरलं. ‘खंयचां गो माजां?’ ती कुजबुजली.

मी पापांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते, लोकांच्या खांद्यांवरून. चेहरा राखेसारखा. मायचं तोंड माझ्या तोंडाजवळ होतं, आणि ते तोंड मी आयुष्यात तेवढं उजळलेलं पुन्हा बघितलं नाही. मी बोट ठेवलं. पापांच्या नावावर ठेवलं. ‘ह्यां बघ. ह्यां तुजां.’

तिने वाकून आपलं बोट त्यावरून फिरवलं. एकेक वळण. मग पापा जवळ आले तेव्हा त्यांच्याकडे न बघता म्हणाली, ‘बरां कोरलात हां.’

मी तिच्या सुखासाठी खोटं बोलले असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. ते काही खरं नाही. मी घाबरले. त्या तोंडावरचा उजेड माझ्या हातून विझेल, याला घाबरले. कुणाच्या हातून विझायचाच असेल तर पापांच्या हातून विझू दे, असं क्षणभर मनात आलं असेल कदाचित. पण पापाही माझ्याइतकेच भित्रे निघाले. परतताना माडांतल्या वाटेवर माय पुढे गेल्यावर मी त्यांना गाठलं. मी त्यांना असं कधीच विचारलं नव्हतं, ‘पापा, कित्याक?’ म्हणून.

ते चालायचे थांबले. ‘आज्यान दुसऱ्याचां कोरल्यान, बापाशीन दुसऱ्याचां कोरल्यान,’ ते म्हणाले. ‘मी जन्मभर दुसऱ्याचां कोरलंय. तू सांगलंस तेवा माका समाजलां. एकदा माका वाटलां, फिलू, एकदाच, की लोकांनी म्हणाचां, ह्यां मेस्ताचां.’ मग म्हणाले, ‘तू कित्याक खोटां सांगलंस आवशीक?’ दोघंही एकाच पायरीवर उभे होतो.

नंतर दर रविवारी मिस संपली की माय आल्तारासमोर गुडघे टेकायची आणि उठताना तळाच्या पट्टीवरून बोट फिरवायची. लोकांना वाटे, सायबिणीच्या पायाला हात लावते. पापा मागच्या बाकावर, दाराशी बसायला लागले. एकदा आठवड्याच्या मधल्या वारी ते पटाशी घेऊन इगर्जीत गेले होते. तासाभराने तसेच परत आले. मला म्हणाले, ‘आता बदललंय तर ती इचारतली, पयलां काय होतां म्हणान.’ दुरुस्तीची एक वाट होती, ती माझ्या खोट्याने बुजवून टाकली होती. म्हातारे पाद्री तोवर गोव्याला परत गेले होते, आणि तिथेच वारले असं पुढे ऐकलं. मी मास्तरकीच्या शिक्षणासाठी बाहेर गेले, हॉस्टेलात राहिले, आणि खरं सांगायचं तर त्या फळीपासून लांब जायला मिळालं म्हणून मला बरं वाटलं.

शिक्षण संपलं, नोकरी लागली, लग्न ठरलं. आमच्या गावच्या इगर्जीतच झालं. लग्नविधी आटोपला की आल्तारामागच्या खोलीत जाऊन मोठ्या पुस्तकात सह्या करायच्या. नवरा-नवरी, साक्षीदार, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे दोघांचे आईबाप. पाद्री नवे होते, तरुण, घाटावरचे, शुद्ध मराठी बोलणारे. मी सही केली, नवऱ्याने केली, सासू-सासऱ्यांनी केली. पाद्रींनी शाईचा ठसा पुढे सरकवला आणि अदबीने म्हणाले, ‘नवरीच्या आई? इथे अंगठा चालेल.’

‘आंगठो कित्याक?’ माय म्हणाली. ‘माका येता.’

सगळे चकित. सासूबाई कौतुकाने पुढे झाल्या. मायने बांगड्या मागे सारल्या, पेन मुठीत धरल्यासारखं धरलं आणि कागदावर एक उभी रेघ ओढली. मग तिला वरच्या बाजूने पोट काढलं. तेवढ्यावरच मला कळलं. मी तिचा हात धरू शकले असते. अजूनही कधीकधी पहाटे जाग येते आणि मी तिचा हात धरते. तिने जीभ दातांत धरून, कुठलीही घाई न करता, पाचही रोमी अक्षरं काढली, पापांनी कोरली होती अगदी तशी, टोकांच्या नाजूक वळणांसकट. बघितलेलं तिच्या बोटांत राहायचंच. पापांनी मला पुढे सांगितलं, की मी शिकायला गेले तेव्हापासून ती चुलीपुढच्या राखेत ती अक्षरं गिरवायची. त्यांनी बघितलं होतं, आणि ती उठून गेल्यावर हाताने पुसलं होतं. माझ्या लग्नात अंगठा द्यायचा नाही, म्हणून तिने हे सगळं केलं होतं.

पाद्रींनी वाकून वाचलं आणि हसले. ‘छान अक्षर आहे हो. पण हे तर मेस्तांचं नाव झालं. पेद्रू. तुमचं लिहा ना.’

जे नाव तिने उभ्या आयुष्यात तोंडातून काढलं नव्हतं, नवऱ्याचं नाव घ्यायची रीतच नव्हती आमच्याकडे, ते नाव. मायही हसली, पाद्रींची गंमत वाटून. ‘माजांच तां, पाद्री. भायर आल्ताराखाली कोरलेलां आसा. माज्या चेडवान दाखवल्यान माका.’

‘बाहेरचं?’ त्या भल्या माणसाने दारातून मागे वळून बघितलं. त्याला काय कल्पना. ‘तिथे पेद्रूच आहे की. पेद्रू इन्वेनित.’

मायने पापांकडे बघितलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. लग्नाच्या पोशाखात, तोंडाला पावडर लावून, फुलं धरून मी तिच्यासमोर उभी होते. मग सावकाश तिने मान वळवून पापांकडे बघितलं. पापा भिंतीशी टेकले होते, आणि त्यांची नजर जमिनीवर होती.

‘मगे माजां खंय आसा?’ तिने विचारलं.

रागाने विचारलं असतं तर मी काही बोलले असते. हरवलेलं भांडं विचारावं इतक्या साध्या आवाजात तिने विचारलं. पाद्रींना काहीतरी उमगलं असावं. ते घाईने म्हणाले, मी अक्षरं सांगतो, तुम्ही खाली लिहा. तिने पेनाला टोपण लावलं, ते त्यांच्या हातात दिलं, आणि स्वतःच शाईचा ठसा जवळ ओढून त्यावर अंगठा दाबला. मग तो अंगठा त्या लिहिलेल्या नावावर ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

लग्नाच्या जेवणात ती सगळ्यांना वाढत होती. भिवाला आग्रह करकरून सान्ना वाढल्या तिने. मी सासरी निघाले तेव्हा तिने मला जवळ घेतलं, आणि काहीच म्हणाली नाही. एक शब्द बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तरी मी सुटले असते.

परतवणीला म्हणून मी चौथ्या दिवशी माहेरी आले, तेव्हा पापा पडवीत पटाशीला धार लावत होते. तीन दिवसांत म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. मला बघून उभे राहिले आणि आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाले, मला ऐकू येईल आणि तिलाही जाईल एवढ्या आवाजात, ‘आज जावन बदलतंय मी. तुजां घालतंय. सगळ्यांसमोर सांगतंय.’

माय बाहेर आली. हाताला तांदळाचं पीठ होतं. तिने पदराने हात पुसले, एकेक बोट.

‘रवांदे,’ ती म्हणाली. ‘आता कोरलात तर मी मागलंय म्हणान कोरतलास.’

ती आत गेली. पापा पटाशी हातात घेऊन उन्हात उभे राहिले, आणि मी त्यांच्या शेजारी.